सूत कुणी काढलं?

चिंचोका फोडायचा नसतो, घासायचा असतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पोरं पहिली चूक इथंच करतात. दगडावर आपटला की चिंचोका कुठल्या कुठं उडतो आणि मग बसा कॉटखाली वाकून शोधत. ओल्या दगडावर धरून त्याची एकच बाजू घासत राहायची. तपकिरी साल निघून जातं, आतला पांढरा गर वर येतो. एक बाजू काळी, एक पांढरी. असे सहा केले की झाले तुमचे फासे. टाकायचे आणि पांढरी तोंडं मोजायची. चार पांढरी तर चार घरं. सहाच्या सहा काळी पडली तर बारा घरं, आणि वर आणखी एक डाव. हा नेम मी काढलेला नाही. माझ्या आजीच्याही आधीपासून चालत आलाय.

पट शिकवण्यात माझं आयुष्य गेलं असं सांगितलं की लोक हसतात. "मावशी, हा काय धंदा झाला?" खरंच आहे त्यांचं. माझी नेमणूक स्वयंपाकाला होती. आमचं गाव पाथर्डीच्या पूर्वेला, डोंगराच्या कडेला. दसरा-दिवाळी झाली की निम्मं गाव ऊस तोडायला बाहेर पडतं ते पाडव्याच्या आगेमागेच परत येतं. मागं राहिलेल्या पोरांसाठी शाळेत सहा महिने वसतिगृह चालायचं. तिथं दोन वेळचं रांधायचं, पोरांना न्हाऊ घालायचं, उवा काढायच्या, भांडणं सोडवायची, असं माझं काम. अठरा हंगाम केले. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही निम्मी. बाकीचं वाचायला-लिहायला शिकले ते पोरांच्या शेजारी बसून, त्यांच्याच पुस्तकांत. त्यामुळे शुद्धलेखन चुकलं तर संपादकांनी सुधारून घ्यावं. बोलणं मात्र सुधारू नये.

वसतिगृहात संध्याकाळी पाच ते सात ही वेळ वाईट. सकाळी शाळा असते, रात्री झोप असते. पण शाळा सुटली आणि भाकऱ्या अजून तव्यावर पडायच्या आहेत, त्या वेळेला पोरांना आई आठवते. ट्रॅक्टर गेल्यावरचा पहिला आठवडा तर विचारूच नका. एखादं पोर फाटकाला धरून रस्त्याकडं बघत उभं राहतं आणि त्याला बघून बाकीची उभी राहतात. असंच एका संध्याकाळी मला काही सुचेना म्हणून मी चुलीतला कोळसा घेतला आणि व्हरांड्याच्या फरशीवर पट काढला. माझ्या लहानपणी आम्ही खेळायचो तसाच, चार हातांचा. पोरं भोवती गोळा झाली.

"मावशी, सोंगटी जाती कुठं?" एकानं विचारलं.

"घरी."

एक धाकटं पोरगं तिथंच बसलेलं होतं. म्हणालं, "माझं घर बंद हाय. कुलूप लावलंय." आणि लागलं रडायला.

मी जीभ चावली. आता सोंगटीला पाठवायचं कुठं? त्या दिवशी गावचा आठवडी बाजार होता, लांबून कलकलाट ऐकू येत होता. मी म्हणाले, "अरे, घरी कशाला? सोंगटी बाजाराला जाती." पोरगं रडायचं थांबलं आणि म्हणालं, "काय घ्यायला?" मी म्हणाले, "घ्यायला न्हाई रे. इकायला."

बाजारपट असा झाला. ठरवून नाही झाला. शाळांमधून मला बोलावतात तेव्हा काहीतरी मोठा विचार होता असं सांगायची पाळी येते, म्हणून इथं खरं ते लिहिलं.

विकायला न्यायचं म्हणजे काहीतरी वस्तू पाहिजे. मी माझ्या लहानपणचा बाजार आठवला. मडकी, घोंगड्या, नांगराचे फाळ, चपला, दोर. सगळं आसपासच्या चार गावांत केलेलं. पोरांना विचारलं, "घोंगडी कुठनं येती रे?"

"दुकानातनं."

"दुकानात कुठनं?"

"टेम्पोतनं."

"आन् टेम्पोत?"

पोरगं जरा विचारात पडलं. म्हणालं, "दुसऱ्या टेम्पोतनं."

मी हसले खरी, पण रात्रभर मला ते टोचत राहिलं. हे पोरगं ज्या घरातलं, त्या घरातल्या आज्याच्या हातचे दोर आमच्या विहिरीला होते.

मग कोळशाचा पट पुसला जाऊ लागला म्हणून जुन्या चादरीवर शिवला. गोधडीला घालतात तसे टाके घालून घरं पाडली. पाच वस्तू, पाच वाटा, सगळ्या मधल्या बाजाराकडं जाणाऱ्या. सोंगटीच्या जागी त्या त्या वस्तूचा तुकडा: मडक्याला खापर, घोंगडीला लोकरीचा गोळा, फाळाला गंजका नट, चपलेला चामड्याची चकती, दोराला सुतळीची गाठ. वाटेवर प्रत्येक घरात त्या कामातली एक पायरी लिहायची आणि एक अडचण घालायची. मडक्याच्या वाटेवर भट्टी लावली आणि अवकाळी आली, तर चार घरं मागं.

या पायऱ्या मला काही माहीत नव्हत्या. त्या विचारून आणल्या. खेळ करणं म्हणजे निम्मं विचारत फिरणंच असतं. एका कुंभारबाबांनी मला भट्टी कशी रचतात, आधी काय, वर काय, राख कधी टाकायची, हे दोन तास जीव लावून सांगितलं आणि निघताना म्हणाले, "बाई, पोरांना एवढं नीट नगा सांगू. एखाद्याला करावंसं वाटंल."

आणि खेळ जमला का नाही हे ओळखायची माझी एक खूण आहे. पोरं अजिबात भांडली नाहीत तर खेळ फसला. फार भांडली तरी फसला. चुलीपुढनं उठून यावं लागलं नाही, पण मान वळवावी लागली, एवढं भांडण पाहिजे.

पहिल्याच हंगामात मात्र मला चुलीपुढनं पळत यावं लागलं. कारण मी एक मोठी चूक केली होती. वाटांच्या तोंडाशी मी वस्तूंची नावं लिहिली नव्हती, माणसांची लिहिली होती. कुंभार, लोहार, घोंगडी विणणारा सनगर, चांभार. माझ्या मनात वाईट काही नव्हतं. बाजारात आम्ही तसंच म्हणायचो. पण एक पोरगा चामड्याची चकती हातात आल्यावर ती फेकून म्हणाला, "मी न्हाई हे घेत. हे त्याला द्या. त्याचंच हाय ते." आणि ज्याच्याकडं बोट केलं ते पोर मान खाली घालून बसलं. रडलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ते नुसतं फरशी खरवडत बसलं.

ते मीच लिहिलं होतं. त्याच संध्याकाळी ते सगळे शब्द उसवले. त्यांच्या जागी 'चप्पल', 'मडकं', 'फाळ' असं शिवलं, आणि कुणी कुठली वाट धरायची ते चिंचोके टाकून ठरवायचं असा नेम केला. दुसऱ्या दिवशी चकती फेकणाऱ्यालाच चपलेची वाट आली. चामडं कमवायला किती दिवस लागतात, पाण्यात किती, बाभळीच्या सालीत किती, हे मोजता मोजता तो असा कावला, की शेवटी म्हणाला, "मावशी, हे बाकीच्या समद्यांपेक्षा अवघड हाय!" ज्याच्याकडं बोट दाखवलं होतं ते पोर एकदम म्हणालं, "मग? लई सोपं वाटलं हुतं का?" त्या पोराचा तो आवाज मला अजून आठवतो.

नंतर बाहेरूनही बोलावणी येऊ लागली. राहुरीकडच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी चिंचोके बघूनच तोंड वाकडं केलं. त्यांना तो जुगार वाटला. मी म्हणाले, "सर, एक डाव खेळून बघा." सर दोराच्या वाटेवर असे अडकले की शाळेची घंटा द्यायची राहिली. सुप्याच्या कारखान्यातले एक साहेब आले होते. त्यांना त्यांच्या कार्यक्रमासाठी पट हवा होता, पण डाव पंधरा मिनिटांत संपला पाहिजे म्हणाले. मी म्हणाले, "साहेब, पंधरा मिनिटांत घोंगडी होत न्हाई." त्यांना वाटलं मी किंमत वाढवतेय.

पण मला सांगायचंय ते या घोंगडीच्याच वाटेबद्दल.

कावेरी नावाची पोरगी आमच्याकडं होती, सातवीला. आई-बाप ऊसतोडीला. गावात तिचे आजोबा होते, भिवातात्या. आमच्या भागातले घोंगडी विणणारे ते शेवटचेच. पण एकटे म्हातारे, आणि पोरीनं चुलीपुढं बसून शाळा बुडवू नये म्हणून बापानं तिला वसतिगृहात ठेवलेली. दुपारच्या सुट्टीत ती तात्यांना डबा देऊन यायची. पटावर चिंचोक्यानं कुठलीही वाट येवो, ही कुणाशी तरी अदलाबदल करून लोकरीचा गोळा घ्यायचीच. एका संध्याकाळी डाव संपला तरी गोळा मुठीत धरून बसली.

"काय गं, दे की डब्यात."

"मावशी, पाडव्याला माग बुजवणार हायेत."

मग हळूहळू सगळं सांगितलं. घोंगडीचा माग जमिनीत खड्डा करून बसवलेला असतो. विणणारा खड्ड्यात पाय सोडून काठावर बसतो. त्यांच्या घरात मधल्या खोलीत तो खड्डा होता. घरकुल मंजूर झालं होतं. बाप फोनवर म्हणाला होता, हंगाम उरकून आलो की खड्डा भरून घेऊ आणि पाया काढू. त्याचंही चूक नव्हतं. पत्र्याखाली किती दिवस काढायचे?

"मला एकदा तो चालताना बघायचाय," कावेरी म्हणाली. "आजी गेली तवापासनं बंद हाय. तीन वरसं झाली. मला नुसता आवाज आठवतो, हात कसा चालतो ते आठवत न्हाई."

"मग म्हण की तात्यांना."

"म्हनले. ते म्हनत्यात, सूत न्हाई."

मागावर अर्धी विणलेली घोंगडी तशीच ताणलेली होती, हेही तिनं सांगितलं. पाडव्याला खड्डा बुजणार म्हणजे तीही जाणार.

आता माझ्या कामातलं एक गुपित सांगते. म्हाताऱ्या माणसांकडं काही मागितलं तर ती देत नाहीत. पण काही चुकलेलं त्यांच्यापुढं ठेवलं, तर दुरुस्त केल्याशिवाय त्यांना राहवत नाही. मी ठरवलं, पट घेऊन तात्यांकडं जायचं, 'जरा तपासून द्या' म्हणायचं, आणि बोलता बोलता मागाचा विषय काढायचा. चूक अशी काही नव्हतीच त्यात, असं मला वाटत होतं. चार जागी विचारून केलेला पट; गावातल्या तात्यांनाच तेवढं विचारायचं राहून गेलं होतं.

दुपारी गेले. मी गावचीच लेक; संसार आटोपून माहेरी येऊन राहिलेली. त्यामुळे तात्या मला नावानंच हाक मारायचे.

"ये पारू. काय आणलंस, चादर?"

मी पट पसरला. पलीकडं खड्डा दिसत होता. मागावर गोणपाट टाकलेलं, त्यावर कडुनिंबाचा पाला. कसर लागू नये म्हणून. पाला हिरवा होता, म्हणजे म्हातारा तो दर चार दिवसांनी बदलत होता.

तात्यांनी घोंगडीच्या वाटेवर बोट ठेवलं आणि एकेक घर वाचत निघाले. "मेंढरं धुतली. बरं. कातरली. बरं. लोकर पिंजली. ताणा घातला. खळ लावली... कशाची लिवली?"

"चिंचोक्याची."

"बरं झालं, पिठाची न्हाई लिवली. हल्ली कोनबी कायबी सांगतंय. माग. बाजार." बोट बाजारावर थांबलं. मग परत मागं आलं आणि पिंजण आणि ताणा यांच्या मधल्या टाक्यावर टेकलं.

"पारू, सूत कुणी काढलं?"

मी वाकून टाके बघू लागले.

"पिंजलेली लोकर आपसूक ताण्याला लागती का? हितं घर कुठं हाय सुताचं?"

"राहिलं तात्या," मी म्हणाले.

"ऱ्हायलं?" ते रागावले नव्हते. त्यांना नवल वाटलं होतं. "तुझी आई ह्याच वसरीला बसून आमच्या मागाचं सूत काढायची. तू तिच्या मांडीला लोळत असायचीस. समद्या दुनियेनं इसरावं, चाललं असतं. तू गं कशी इसरली?"

माझी आई जाऊन कितीक वर्षं झाली, तरी तिचं सगळं आठवत होतं मला. तिचा आवाज, तिची भाकरी. डाव्या अंगठ्याला पडलेली घळ तर अशी आठवत होती की चित्र काढून दाखवलं असतं. ती घळ कशानं पडली ते मात्र पट करताना आठवलं नाही. एक माग चालायचा तर चार बाया दिवसदिवस चरख्यावर बसायच्या. पण बाजारात घोंगडी खांद्यावर टाकून उभा राहायचा तो बाप्या, आणि लोक म्हणायचे, भिवा सनगराची घोंगडी. आईला कुणी विचारलं, काय करतेस, तर ती म्हणायची, "काय न्हाई, जरा हात चाळवते." आम्ही तेच खरं धरलं. ज्यांच्याकडं मी विचारत फिरले त्या चार माणसांनीही सुताचं नाव काढलं नव्हतं. चौघंही बाप्येच होते, आणि मी त्यांच्या घरातल्या बायांकडून चहा घेऊन परत आले होते.

तात्यांनी मग गोणपाट बाजूला केलं. सहा हाताची घोंगडी, अडीच हात विणून झालेली. खाली टोपलीत सुताचे गोळे, थोडेच.

"हे राधाचं," तात्या म्हणाले. राधाकाकी, म्हणजे कावेरीची आजी. "ताणा, उभं सूत, समदा तिचाच हाय. आडवं भरायचं सूत काढता काढता गेली. हे ऱ्हायलंय ते लावलं तरी चार हातावर सपतंय. कमी मापाची घोंगडी ह्या घरातनं आजवर गेली न्हाई."

"दुसरं सूत घालून पुरी करता येणार न्हाई का?"

तात्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसा काही मी पट उलटाच धरलाय. "एका घोंगडीला एकीचंच सूत, पारू. म्हनून तर बायांच्या टोपल्या येगळ्या असायच्या. एकीचा पीळ घट, एकीचा सैल. मधीच बदललं का तिथं कापड वढतंय, सुरकुती पडती. डोळं मिटून हात फिरवला तरी कळतंय, हितं बाई बदलली."

मी पट गुंडाळून परत आले आणि तात्या काय म्हणाले ते कावेरीला सांगितलं. मागाचा विषय काढायला गेले होते, काढलाही, आणि आशा होती ती संपवून आले.

त्या आठवड्यात दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे आईचा चरखा माळ्यावरनं काढला. धनगरवाड्यावरनं लोकर आणली, पिंजून घेतली आणि बसले. चाळीस वर्षांनी. पहिल्या दिवशी नुसते तुकडे पडले. दुसऱ्या दिवशी सूत आलं, पण गांडुळासारखं, कुठं जाड कुठं बारीक. चौथ्या दिवशी हाताला काहीतरी आपोआप आठवल्यासारखं झालं. तो गोळा घेऊन मी तात्यांकडं गेले. त्यांनी बोटांत धरून उलगडला, पुन्हा गुंडाळला.

"जाड हाय," म्हणाले. "पन पीळ तुझ्या आईचाय." आणि गोळा माझ्या हातात परत दिला.

दुसरी गोष्ट, पटावर सुताचं घर शिवलं. नेम केला: इथं आलेल्यानं दर पाळीला एकच धागा उचलायचा, सहा हाताला सहा धागे झाल्याशिवाय पुढं जायचं नाही. पोरं भडकली.

"मावशी, ह्या घरात समदा खेळच अडकतोय!"

"अडकायचाच. तिथंच अडकायचा."

एवढी कटकट व्हायला लागली की कावेरी म्हणाली, तात्यांनाच पंच म्हणून आणते. मला वाटलं नव्हतं येतील, पण आले. व्हरांड्यात भिंतीला टेकून बसले. पोरं खेळू लागली. कावेरीला लोकरीची वाट होती. ती सुताच्या घरात शिरली आणि बाकीचे भराभर पुढं निघून गेले. मडकं बाजारात पोचलं, फाळ पोचला. चार धागे झाले तेव्हा कावेरीनं गोळा उचलला आणि निघाली पुढं.

"ए! चारच झालेत!" पोरं ओरडली. "कमी मापाची हाय! चिटिंग!"

"असू दे."

"बाजारात कोन घेणार तुझी चार हाताची?"

"मला इकायचीच न्हाई. पांघरायची हाय."

"असं कुठं असतंय का? तात्या, सांगा हिला! तुमी पंच हायेत!"

तात्या त्या चार धाग्यांकडं बघत राहिले. पोरं वाट बघत राहिली. कावेरी मान वर करून बघत नव्हती. गोळा बोटाखाली दाबून बसली होती. मला कळत होतं की ती आता खेळत नाहीये.

"बाजाराला चालायची न्हाई," तात्या शेवटी म्हणाले.

"बघ! मी म्हनलं हुतं!"

"थांबा रं. बाजाराला चालायची न्हाई. पन इकायचीच नसंल तर..." ते भिंतीला हात लावून उठले. "तर मापबी कशाला लागतंय." काठी घेतली आणि चालू लागले. निकाल कुणाच्या बाजूनं लागला यावरनं पोरांचं पुढं बराच वेळ चाललं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत कावेरी डबा द्यायला गेली ती धावतच परत आली. दम लागलेला. "मावशी, चला! चला लवकर!" मी हात पुसत निघाले, मागं सगळी पोरं. घर दोन गल्ल्या लांब असतानाच आवाज आला. खट, मग जरा थांबून, खट. पूर्वी हा आवाज इतका सारखा यायचा की तो ऐकू येतोय हेच कळायचं नाही. आता मधे मधे दम खात येत होता.

तात्यांचे पाय खड्ड्यात, डोक्याला फडकं. आडव्या सुताचा धोटा एका हातानं सोडायचे, दुसऱ्या हातानं झेलायचे, सूत ठोकून बसवायचे. तीन वर्षं ताणून राहिलेला ताणा, धागा तुटायचा. बोटांना गाठ मारायला जमत नव्हतं, ती कावेरी मारायची. पोरं दाराला चिकटून उभी. नट घेऊन फाळाच्या वाटेनं पळणारा आमचा एक दांडगा पोरगा माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "मावशी, घोंगडी खरंच अशी करत्यात?"

तीन दुपारी लागल्या. मी तिन्ही दिवस जाऊन बसले. माझ्या सुताचे गोळे पिशवीत घालून नेत होते. कशाला नेत होते? खोटं कशाला बोलू, आशा होती. तिसऱ्या दिवशी राधाकाकीचा शेवटचा गोळा संपत आला, तात्यांनी मागं वळून टोपलीत हात घातला आणि टोपली रिकामी होती. त्यांचा हात थोडा वेळ तिथंच राहिला. पिशवी माझ्या मांडीवर होती. मी तोंड उघडलं नाही. आता कधी वाटतं, उघडायला हवं होतं. आणि कधी वाटतं, त्या दिवशी एक गोष्ट तरी मी बरोबर केली.

चार हातांवर घोंगडी थांबली. पुढचा दोन हात ताणा नुसताच, न विणलेला. तात्यांनी तो कापला नाही. सोडवून तसाच राहू दिला. चार हात कापड आणि त्याला दोन हात लांब दशा.

पाडव्यानंतर तात्यांच्या पोराचा ट्रॅक्टर आला. सुनेनं घोंगडी उचलून बघितली. "हे वो काय मामंजी, निम्मीच?"

"तुझ्या सासूनं तेवढंच सूत ठेवलं हुतं," तात्या म्हणाले.

खड्डा बुजवला त्या दिवशी मी मुद्दाम गेले होते. डबर टाकलं, मुरूम टाकला, पाणी मारून धुमसलं. मागाची लाकडं दाराशी काढून ठेवलेली. तात्या वसरीला घराकडं पाठ करून बसले होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी पाऊस-पाण्याचं बोलत होते. कावेरी माझ्या शेजारी उभी होती. तिनं तो माग चालताना बघितला होता, अगदी जवळून. तरी ती रडत होतीच. मी तिला काही समजावलं नाही.

पुढच्या वर्षी ती आठवीला शेजारच्या गावच्या हायस्कूलला गेली, मामाकडं राहायला. घोंगडी बरोबर नेली. माझा तो शेवटचा हंगाम. मला वाटलं होतं, नातच नाही म्हटल्यावर तात्या आता कशाला येतील. पण ट्रॅक्टर गेले त्या पहिल्याच आठवड्यात, संध्याकाळी पाचला, फाटकाशी काठी वाजली. पोरं रस्त्याकडं तोंड करून उभी होती. ती वळून बघायला लागली.

"काय बघताय? मांडा की पट," तात्या म्हणाले. "आज मी पंच न्हाई. मला घ्या खेळाय."

चिंचोके टाकले तर त्यांना दोराची वाट आली. एका धाकट्या पोरीला लोकर आली होती. तात्यांनी तिच्यापुढं सुतळीची गाठ धरली आणि विचारलं, "बाय, बदलतीस का?" तिनं लगेच बदलली, दोराची वाट सोपी आहे हे पोरांना माहीत असतं.

मेंढरं धुतली, कातरली, लोकर पिंजली. सुताच्या घरात आले आणि पाळीपाळीनं एकेक धागा उचलून मांडीवर ठेवू लागले. पोरं पुढं निघून गेली. मडकं पोचलं, चप्पल पोचली, धाकटीची सुतळीची गाठही पोचली. बाजार भरत आला.

"तात्या, सहा झाले! सुटले तुमी!" धाकटी ओरडली. "चला ना पुढं!"

तात्यांनी सहाही धागे बोटांनी चाचपून बघितले, आणि चिंचोके उचलून पुढच्याच्या हातात दिले.

"ऱ्हाऊ दे. तुमी व्हा पुढं," म्हणाले. "मी बसतो हितंच जरा."